गाण्याचे पथ्य

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर महिन्या-दोन महिन्यांनी एक संदेश हमखास येतो. अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक राग ऐकला की साखर आटोक्यात येते, पहाटे बासरी ऐका आणि गोळ्या विसरा. संदेशाखाली हात जोडल्याच्या खुणा पडतात, आत्या-मावश्या तो पुढे पाठवतात आणि एखादे काका खरोखरच चार दिवस गोळी बंद करून बघतात. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब उतरला, असे त्यांना वाटते. उच्च रक्तदाबात बहुतेक वेळा काहीच दुखत नसते, हे त्या संदेशात कुठेही लिहिलेले नसते.

या प्रकाराला वैतागलेली मंडळी मग दुसऱ्या टोकाला जातात. गाणे म्हणजे करमणूक, त्याचा शरीराशी संबंध काय, असे म्हणून विषयच मोडीत काढतात. या ओढाताणीत एक साधी आणि बऱ्यापैकी तपासलेली गोष्ट बाजूला पडते. संथ लयीतले, हळू आवाजातले, वाद्यांचा गलबला नसलेले गाणे, आणि त्यातही स्वतः किंवा चौघांत बसून म्हटलेले गाणे, माणसाच्या श्वासावर, झोपेवर आणि एकटेपणावर परिणाम करते. हा परिणाम माफक असतो. त्याने रोग बरा होत नाही. अशा गोष्टीसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : पथ्य. पथ्य औषधाची जागा घेत नाही. ते रोज पाळावे लागते, ज्याचे त्याने पाळावे लागते आणि त्याने औषधाला काम करणे सोपे जाते. गाण्याकडे या नजरेने पाहिले तर भोळेपणाही टळतो आणि तुच्छताही.

भोळेपणाची किंमत काय असते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘मोझार्ट इफेक्ट’. १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांचा एक छोटा लेख आला. महाविद्यालयात शिकणाऱ्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठीची रचना ऐकवली, तेव्हा आकृत्या मनात फिरवण्याच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. तेवढ्यावरून ‘मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ अशी हवा तयार झाली. अभ्यासात एकही बाळ नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद सुचवली. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की शुबर्टच्या रचनेनेही तेच होते आणि ज्यांना गोष्ट ऐकणे आवडते त्यांच्या बाबतीत चांगल्या गोष्टीनेही तेच होते. मन प्रसन्न आणि जागे असले की माणूस चाचणी थोडी बरी सोडवतो, इतकाच त्याचा अर्थ. मोझार्टच्या सुरात बुद्धिमत्तेची पुडी नव्हती आणि कोणत्याही रागात इन्सुलिन नसते.

मग गाण्याने शरीरात नेमके काय होते? सुरुवात श्वासापासून करावी लागते. निवांत बसलेला प्रौढ माणूस साधारणपणे मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. गाताना हे गणित बदलते. ओळ सुरू होण्याआधी चटकन श्वास घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत तो पुरवून पुरवून सोडायचा, असे करावेच लागते. म्हणजे उच्छ्वास लांबतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, ही निरोगी शरीराची नेहमीची चाल आहे. उच्छ्वास लांबला की शरीराला शांत करणाऱ्या चेतामार्गाला जास्त वेळ मिळतो. इटलीतील लुसियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर निरीक्षण मांडले. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा तिबेटी बौद्धांचा मंत्र. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपली आणि रक्तदाबातील चढउतार सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. शेकडो वर्षांच्या सरावातून माणसांनी आपापल्या भाषेत एकच लय शोधून काढली होती. देवघरातली आरती, हरिपाठ किंवा शाळेतली प्रार्थना संथपणे म्हणणाऱ्याच्या छातीतही हेच घडत असणार, हा अंदाज त्यामुळे गैर ठरत नाही.

याच संशोधकांनी २००६ साली २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवून पाहिले. द्रुत लयीने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले, विलंबित लयीने ते उतरले. गायन-वादन शिकलेल्यांत हा फरक अधिक स्पष्ट होता. पण सर्वांत जास्त विसावा दिसला तो दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. गाणे थांबल्यावर शरीर मूळच्या पातळीपेक्षाही खाली, निवांत झाले. दिवसभर कानात इअरफोन खुपसून ‘रिलॅक्सिंग म्युझिक’ची न संपणारी यादी ऐकणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाण्याचा गुण काही अंशी ते संपण्यात असतो.

एकट्याने गाणे आणि मिळून गाणे यांतही फरक आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली समूहगायन करणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. एकाच ओळीवर सगळे एकत्र श्वास घेतात, त्यामुळे सगळ्यांचे ठोके एकत्र वाढतात आणि एकत्र उतरतात, असे त्यात दिसले. इंग्लंडमध्ये प्रौढांसाठीच्या छंदवर्गांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. काही वर्ग गायनाचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांत माणसे एकमेकांच्या जवळ आली होती, पण गाणाऱ्यांची गट्टी सर्वांत लवकर जमली. अनोळखी माणसांतला पहिला संकोच मोडायला गाणे उपयोगी पडते, असा त्याचा सरळ अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य अशा आजारांशी आहे. ज्या समाजात संध्याकाळी देवळात भजनी मंडळ बसत असे त्या समाजाला हे नवे वाटू नये. नवे इतकेच की आता त्याची मोजदाद झाली आहे.

हळू आवाजातल्या गाण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत दूर पसरलेला प्रकार म्हणजे अंगाई. चांदोबा, चिऊ-काऊ, निंबोणीचे झाड, वारा, गाय-वासरू अशा निसर्गातल्या गोष्टींनी ती भरलेली असते आणि तिचा सगळा रोख एका लहान जिवाला ‘तू सुरक्षित आहेस’ हे सांगण्याकडे असतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १४४ बाळांना त्यांच्या घरात कधीही न बोलल्या गेलेल्या भाषांतली गाणी ऐकवली. काही अंगाई होत्या, काही इतर प्रकारची गाणी. शब्द एकाही बाळाला कळणे शक्य नव्हते. तरीही अंगाई सुरू असताना बाळांचे ठोके जास्त मंदावले, बाहुल्या आणि त्वचेवरील तणावाच्या खुणाही निवळल्या. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातल्या आणखी एका प्रयोगात सहा ते नऊ महिन्यांची बाळे अनोळखी भाषेतले बोलणे ऐकताना सुमारे चार मिनिटे शांत राहिली, तर गाणे ऐकताना सुमारे नऊ मिनिटे. ‘माणूस सगळीकडे सारखाच’ हे वाक्य भाषणात ऐकून गुळगुळीत झाले आहे. पाळण्यापाशी मात्र ते मोजून दाखवता येते.

अंगाईची खरी परीक्षा दवाखान्यात होते. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे अतिदक्षता कक्षात असतात, तेव्हा त्यांच्याभोवती यंत्रांचे गजर, दारांची धडधड आणि कर्मचाऱ्यांचे बोलणे यांचा अखंड मारा असतो. या कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ सालीच सांगितले आहे. प्रत्यक्षात तो पाळणे कठीण जाते. न्यू यॉर्कमधील जोआन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांतील २७२ अकाली जन्मलेल्या बाळांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आई-वडिलांनी स्वतः निवडलेले, घरातले, ओळखीचे गाणे अंगाईच्या लयीत अगदी हळू गायले गेले. त्याने बाळांच्या हृदयाच्या गतीवर, दूध ओढण्यावर आणि झोपेवर अनुकूल परिणाम दिसले. पालकांचा ताणही कमी झाला. बाहेर काचेपाशी उभे राहून ‘आपण काहीच करू शकत नाही’ या भावनेने खचलेल्या आई-बापांच्या हाती एक काम आले, हा त्यातला न मोजता येणारा भाग.

आईचा विषय निघाला की प्रसूतीनंतरच्या नैराश्याकडे वळावे लागते, कारण पणाला लागलेली सर्वांत मोठी गोष्ट ती आहे. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के स्त्रियांना नैराश्याची लक्षणे असतात. म्हणजे जवळपास पाच बाळंतिणींमागे एक. घरात बारशाची गडबड असते, डिंकाचे लाडू होतात, बाळाला पाहायला माणसे येतात आणि बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ‘अंगात अशक्तपणा आहे, होईल ठीक’ म्हणून तिला सोडून दिले जाते. इंग्लंडमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी अशा १३४ मातांचा अभ्यास केला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटातील माता दहा आठवडे आपापल्या बाळांना घेऊन एकत्र गाण्यासाठी जमल्या, दुसऱ्या गटातील माता बाळांसह खेळांसाठी जमल्या आणि तिसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. दहा आठवड्यांनी सगळ्याच गटांत सुधारणा होती. पण ज्यांची लक्षणे मध्यम ते तीव्र होती त्यांच्यात गाणाऱ्या माता लवकर सावरल्या. बाळाच्या पहिल्या वर्षात आईचे चार-सहा आठवडे आधी सावरणे ही लहान गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रातल्या बायकांना हे इंग्लंडकडून शिकण्याची गरज खरे तर पडायला नको होती. पहाटे जात्याशी बसून दळताना ओव्या म्हणण्याची पद्धत इथे शतकानुशतके होती. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी गावोगावी फिरून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आज ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता-ऐकता येतो. त्यात विठ्ठल आहे, पाऊस आहे, बैल आहे, माहेर आहे, भाऊ आहे, आणि सासरी कुणापाशीच बोलता न येणारे दुःखही आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यावर काम करता करता त्यांनी केलेली गाणी मुलाने आणि घरच्यांनी टिपून ठेवली आणि ती १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपात आली. झाड, पाखरू, माती आणि माणसाचे मन यांच्याविषयी इतके शहाणे बोलणे हातातले काम चालू ठेवून झाले होते.

जाते गेले हे उत्तमच झाले. पहाटेच्या अंधारात उठून तास-दोन तास दगड फिरवणे हे कष्ट होते, त्याची हौस कुणी करू नये. पिठाच्या गिरणीने बायकांचे खांदे आणि झोप वाचवली. मात्र जात्याबरोबर एक जागाही गेली. दोघी समोरासमोर बसून, एका लयीत हात फिरवत, मनातले बोलण्याची ती जागा होती. गिरणीत पीठ मिळते, ती जागा मिळत नाही. दूरचित्रवाणीने आणि मोबाइलने गाणी भरपूर दिली, पण ती ऐकायची. म्हणायचे काम निवडक गोड गळ्यांकडे गेले आणि बाकीच्यांनी ‘मला कुठे गाता येते’ म्हणत तोंड मिटले. स्पर्धांच्या कार्यक्रमांनी यात भर घातली. गाणे म्हणजे परीक्षकांपुढे उभे राहणे, असा समज घराघरांत रुजला. वर सांगितलेल्या अभ्यासांपैकी इंग्लंडमधल्या मातांची किंवा छंदवर्गांतल्या माणसांची निवड गळा पाहून झालेली नव्हती. फायदा बेसुरांनाही झाला.

गाण्याच्या शब्दांना काही महत्त्व आहे का, हा पुढचा प्रश्न. २००९ साली टोबियास ग्राइटेमायर यांनी काही प्रयोग केले. मदत, प्रेम, माणुसकी असा आशय असलेली गाणी ऐकलेल्यांच्या मनात परोपकाराचे विचार अधिक सहज आले, इतरांविषयी सहानुभूती वाढली आणि मदत करण्याची तयारीही वाढली. हे प्रयोग प्रयोगशाळेतले आणि थोड्या वेळापुरते होते. एक गाणे ऐकून माणूस संत होत नाही. पण रोज म्हटलेल्या शब्दांची मनाला सवय लागते, हे मराठी माणूस प्रयोगशाळेच्या आधीपासून मानत आला आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितले ते स्वतःपुरते नव्हते, सर्व प्राणिमात्रांसाठी होते, दुष्टांसाठीही होते. साने गुरुजींच्या प्रार्थनेतही तोच धागा आहे. या रचना लाखो मुलांनी शाळेच्या पटांगणावर, पेटीच्या साथीने किंवा साथीशिवाय म्हटल्या आहेत. परिपाठ ‘उरकायचा’ म्हणून धावत म्हणण्याऐवजी त्या संथ म्हटल्या तर श्वासाचाही फायदा होईल आणि अर्थही कानावर पडेल.

गाण्याच्या आरोग्याविषयी बोलताना त्याच्या आवाजाविषयी बोलणे भाग आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंती या मर्यादेला जुमानत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज प्रौढाने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांच्या कानांना असुरक्षित ऐकण्यामुळे धोका आहे. आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. एकाच उत्सवात भजन, आरती आणि समूहगान ही परंपरा आहे आणि छातीत धडकी भरवणारी भिंतही आहे. दोघांना ‘संगीत’ हे एकच नाव देऊन पळवाट काढता येणार नाही. शरीर त्यांना एकसारखे वागवत नाही.

आता पुराव्याच्या मर्यादा. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की खोटी, हे लपवता येते. गाण्याच्या बाबतीत ते शक्य नसते. आपण गातो आहोत हे गाणाऱ्याला कळतेच, त्यामुळे ‘बरे वाटते’ या उत्तरात अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. बरेचसे अभ्यास लहान आहेत. दमेकऱ्यासारखी धाप लागणाऱ्या, फुप्फुसांच्या दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी गायनाचा उपयोग तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात केवळ तीन चाचण्या आणि ११२ रुग्ण होते. झोपेसाठी संगीत ऐकण्याचा पुरावा त्यापेक्षा बरा आहे. २०२२ च्या आढाव्यात १३ चाचण्या आणि १००७ माणसे होती आणि निद्रानाश असलेल्यांना झोप अधिक चांगली लागल्याचे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या धास्तीबाबत २६ चाचण्यांचा आढावा आहे आणि निष्कर्ष अनुकूल आहे. नैराश्यात नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास अल्पकाळात लाभ होतो, असेही आढावे सांगतात. यात ‘नेहमीच्या उपचारांना जोड’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, नैराश्य यांपैकी कशाचीही गोळी गाण्याच्या भरवशावर बंद करू नये. तसे सुचवणारा संदेश पुढे न पाठवणे हेही आरोग्यसेवेचेच काम आहे.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, औषध नाही, मानसोपचारतज्ज्ञ तर जिल्ह्याला मोजके, आणि गाण्याच्या गोष्टी कसल्या करता? हा राग रास्त आहे. गाणे फुकट असते म्हणून सरकारला ते सोयीचे वाटू शकते. खर्चाचे काम टाळून ‘आनंदी गायन उपक्रम’ राबवल्याचे छायाचित्र काढता येते. म्हणूनच क्रम ठरलेला हवा. आधी तपासणी, औषध आणि माणूसबळ, आणि त्यांच्यासोबत गाणे. पण डॉक्टर येईपर्यंत गाणे थांबवून ठेवण्याचेही कारण नाही, कारण गाण्याने डॉक्टरांच्या वाट्यातले काहीच कमी होत नाही.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांच्या जागाही तयार आहेत. नवजात बाळासाठी आशा कार्यकर्ती ४२ दिवसांच्या आत घरी सहा-सात भेटी देते. त्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या मनाची चौकशी व्हावी आणि ‘बाळाला काही म्हणता का’ हा प्रश्नही विचारला जावा. ज्या आईला बाळाकडे पाहून एकही सूर सुचत नाही, तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे, हे त्या उत्तरातून कळू शकते. नवजात बालकांच्या विशेष कक्षात आई बाळाला छातीशी कवटाळून ‘कांगारू पद्धतीने’ ऊब देते. तिला आणि बाळाच्या बापालाही तिथे हळू गुणगुणायला सांगावे, मोबाइलवर गाणे लावायला नव्हे. अंगणवाडीत माता-बालकांची बैठक होते, बचत गटाची महिन्याची सभा होते. हिशेब झाल्यावर दहा मिनिटे एकत्र गाण्याला खर्च नाही. फक्त तो उपक्रम नोंदवहीत भरायचा रकाना होऊ नये. वृद्धाश्रमांत आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरांत जुनी ओळखीची गाणी म्हणावीत. नावे विसरलेल्या माणसाला कित्येकदा गाण्याची पुढची ओळ आठवते, आणि तेवढ्या वेळापुरते घरच्यांना आपले माणूस परत भेटते.

घरात पाळायचे पथ्य त्याहून सोपे. झोपण्याआधी अर्धा तास पडदे बंद, आवाज हळू, लय संथ, आणि गाणे संपल्यावर दोन मिनिटे काहीच नको. मुलांना झोपवताना मोबाइल उशाशी ठेवण्यापेक्षा आपला आवाज द्यावा. तो कसाही असला तरी बाळाच्या ओळखीचा असतो. बाबांनी, आजोबांनी, मामांनीही गावे. अंगाई ही आईची एकटीची जबाबदारी असल्याचा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटते, झोप-भूक उडाली आहे, जगणे नको वाटते, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी गाण्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतूनही.

आणि त्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचे काय करायचे? काकांना उत्तर द्यावे की गोळी चालू ठेवा, महिन्याला रक्तदाब तपासून घ्या आणि तुम्ही पूर्वी गणपतीत म्हणायचात ते भजन या रविवारी सगळ्यांसमोर म्हणून दाखवा. काका लाजतील, नको नको म्हणतील. मग कुणीतरी पहिली ओळ उचलेल, दुसऱ्या ओळीला मावशी येतील, आणि तिसऱ्या ओळीला काका येतीलच. तेवढा वेळ त्या खोलीतल्या सगळ्यांचे श्वास एका लयीत चाललेले असतील. रक्तदाबाची गोळी मात्र जेवणानंतर घ्यायचीच.